वाकणावरचा गडगा आणि आमचा ट्रक

आमची जुनी गाडी मोडली तेव्हा तिच्यासाठी कोणी रडलं नाही. मागे उघडा हौदा असलेली ती पिकअप होती. लढाई संपल्यावर लष्करानं ज्या गाड्या विकून टाकल्या, त्यांतली. नवऱ्यानं ती आमच्या लग्नाआधीच घेतली होती. रंग हिरवा म्हणायचा, कारण दुसरं काही म्हणता येत नव्हतं. डाव्या दाराला कडी नव्हती, सुंभाची दोरी होती. हौद्यात नारळ, आंब्याच्या करंड्या, सुके मासे, आणि बाजाराच्या दिवशी कट्टा गावाला निघालेल्या बायका. सुक्या माशांच्या मिठानं आणि खाडीच्या वाऱ्यानं तिचा तळ खाऊन टाकला. एके दिवशी कट्ट्याच्या उतरणीवर तळ सुटला आणि आमचे नारळ आमच्याआधी बाजारात पोचले. बायकांनी ते गोळा करून दिले. सगळे दिले असतील असं मी म्हणणार नाही.

त्या गाडीचा एक गुण मात्र मोठा होता. ती लहान होती. मोठ्या रस्त्यावरून आमच्या घराकडे यायला एक पाणंद होती, दोन्ही बाजूंना चिरे रचून घातलेले कुंपणाचे गडगे. मध्येच एक वाकण होतं. गाडी त्या वाकणावर कुत्र्यासारखी वळायची आणि थेट आमच्या खळ्यात, म्हणजे अंगणात, पायरीपाशी येऊन उभी राहायची. माल घरातून उचलायचा आणि हौद्यात टाकायचा, की झालं. तिच्या लहानपणाची किंमत आम्हाला ती गेल्यावर कळली.

आता दुसरी घ्यायची म्हणजे कोणती घ्यायची, यावरून घरात बरेच दिवस बोलणं चाललं. घरात आम्ही मोठी माणसं तिघं. नवरा, मी आणि सासरे. सासू नव्हती. सासरे जुने तांडेल. गलबत घेऊन ते मुंबईपर्यंत आणि खाली मंगळूरपर्यंत गेलेले. पण तोवर गलबतांचे दिवस संपत आले होते. आंबे, नारळ सगळं घाट चढून कोल्हापूरला जायला लागलं होतं. सासऱ्यांना याचा राग होता, पण रागानं पोट भरत नाही हे त्यांनाही ठाऊक होतं.

नवऱ्याच्या मनात पुन्हा तसलीच पिकअप घ्यायची होती. वेंगुर्ल्याला एका व्यापाऱ्याकडे होती एक.

"परत होडी घेतलंस तर जन्मभर होडयेवालोच रवतलंस," सासरे म्हणाले. "गलबत घे. माल चडता तेतूर."

"बाबा, गलबत रस्त्यार चलणा नाय."

"तर ट्रक घे. घाट चडून जाताहत ते काय पिकअपी आसत?"

मला कोणी विचारलं नाही. मी सांगितलं. म्हटलं, मोठीच घ्या. पिकअपमधून कोल्हापूरला जितका माल जातो तितक्यावर आपलं पावसाळ्याचे चार महिने निघत नाहीत, हे मी चूल पेटवते म्हणून मला ठाऊक आहे. आणि निघालं नाही तर काय होतं तेही ठाऊक होतं. धाकटा दीर मुंबईला गोदीत होता. गावाला येणाऱ्या प्रत्येकाबरोबर त्याचा निरोप यायचा, दादाला पाठवून द्या, इथं काम आहे. आमच्या वाडीत अर्ध्या घरांतले पुरुष मुंबईत होते. चतुर्थीला यायचे, दहा दिवस भजनं करायचे आणि जायचे. त्या घरांतल्या बायका सुखात होत्या की नव्हत्या हे मी सांगणार नाही, त्यांचं त्यांना माहीत. मला माझा नवरा घरात हवा होता. एवढंच माझं म्हणणं होतं आणि त्यासाठी ट्रक हवा होता.

नवरा म्हणाला, "पाणंदीत मावतलो?"

इथं सासऱ्यांनी काम हातात घेतलं. सुंभाची एक लांब दोरी घेतली, पाणंदीत जाऊन या गडग्यापासून त्या गडग्यापर्यंत ताणली आणि जिथं पुरली तिथं गाठ मारली. ही गाठ घेऊन कोल्हापूरला जायचं, ट्रकला आडवी लावायची, ट्रक गाठीच्या आत भरला तर घ्यायचा. तेवढ्यावर त्यांचं समाधान झालं नाही. ग्रामदेवतेला कौल लावला. गुरवानं पाषाणाला फुलाच्या पाकळ्या चिकटवल्या आणि सासऱ्यांनी विचारलं, "म्हाराजा, ट्रक पाणंदीत मावतलो आसात तर उजवो दी." उजवी पाकळी पडली. झालं. दोरी आणि देव दोघांचं एकमत झाल्यावर माणसानं काय बोलायचं?

नवरा कोल्हापूरला गेला आणि ट्रक घेऊन आला. जुनाच, पण इंजिन चांगलं. पुढे लांबच लांब नाक, मागे लाकडी फळ्यांचा हौदा. दोरीच्या गाठीत बसून वर वीतभर दोरी उरत होती. मोठ्या रस्त्यावर त्याचा भोंगा वाजला तशी सगळी वाडी जमली. सासऱ्यांनी नारळ फोडला. ट्रक पाणंदीत शिरला तेव्हा दोन्हीकडच्या गडग्यांना कुठं लागलासुद्धा नाही. सासरे पुढे उलटे चालत होते आणि हातांनी ये ये करत होते, जसं काही बंदरात गलबत आणतायत.

वाकणापर्यंत आला आणि अडला.

नाक समोरच्या गडग्याला टेकलं, आणि शेपूट या बाजूच्या गडग्याला. नवऱ्यानं मागे घेतला, पुढे घेतला. पुन्हा तेच. मग तो खाली उतरला आणि ट्रकाकडे बघत उभा राहिला. रुंदी मोजली होती. लांबी कोणी मोजलीच नव्हती.

आता लोक हसतात, पण त्यात सासऱ्यांचं तसं नवल नव्हतं. बैलगाडीवाल्याला विचारा, तोही आसाची रुंदी तेवढी सांगेल, कारण गाडी वाकणावर बैलांच्या मागून आपोआप वळते. आणि तांडेल तर काय, बंदरात गलबतं नाकं किनाऱ्याला लावून शेजारी शेजारी उभी करतात. दोन गलबतांच्या मध्ये आपलं मावतं का, एवढंच बघायचं. मागे सगळा दर्या मोकळा. लांबीला कोण विचारतो?

"तांडेलानू, शीड उतरवा!" गडग्यावरून एक जण ओरडला.

"भरती येवंदे, मगे वळतलो," दुसरा.

"देवान कौल दिल्यान मां?" एका म्हातारीनं विचारलं. ती विचारायची राहिलीच होती.

सासरे तिच्यावर खेकसले. "देवान काय खोटा सांगल्यान? पाणंदीत मावता काय म्हणान इचारलंय. मावलो मां? वाकणाचा मी इचारूकच नाय."

ट्रक मागे घेऊन रस्त्यावर नेणं सोपं होतं. पण तांडेलाला परत फिरायला सांगून बघा. त्यांनी माणसं पाठवून किनाऱ्यावरून फळ्या आणल्या, होड्या वर ओढताना खाली घालतात त्या. मागच्या चाकांखाली फळ्या सरकवल्या, वर तारली माशांचं तेल ओतलं. तो वास पुढे आठवडाभर पाणंदीत होता. मग होडी ढकलतात तशी वीसेक माणसं एका बाजूनं ट्रकाच्या शेपटीला लागली, सासऱ्यांनी आवाज दिला, आणि ट्रकाची शेपूट हळूहळू आडवी सरकली. दोनदा, तीनदा. शेवटी ट्रक वळला आणि आमच्या खळ्यात आला.

खळ्यात आला म्हणजे खळंच उरलं नाही. तुळशीपासून पायरीपर्यंत ट्रकच ट्रक. विहिरीवर जायचं तर कळशी डोक्यावर घेऊन अंग तिरकं करून जावं लागे. शेणानं सारवलेल्या जमिनीत चाकांनी असे खड्डे पाडले की मी दोन वेळा सारवलं आणि तिसऱ्यांदा सोडून दिलं. माझी आमसुलं वाळवायची जागा गेली. मी मग ती ट्रकाच्या हौद्यातच गोणपाट टाकून वाळत घातली. ऊन तिथं छान लागायचं. एकदा मला न विचारता नवरा ट्रक घेऊन गेला आणि माझी आमसुलं अर्ध्या तालुक्याला दाखवून परत आणली. वाटेत थोडी वाऱ्यानं उडाली. मी बोलायचं ते बोलले.

पण रोज रोज फळ्या आणि तेल घेऊन कोण येणार? पहिल्या वेळेला माणसं हौसेनं आली, दुसऱ्या वेळेला चहा मागून आली, तिसऱ्या वेळेला कोणाचा पाय दुखत होता तर कोणाची गाय व्याली होती. आणि ते सगळं रिकाम्या ट्रकाचं. भरलेला ट्रक शंभर माणसांनीसुद्धा हलला नसता. दुसऱ्या बाजूनं वाट काढावी तर तिकडे व्हाळाचं पाणी आणि चिखल. मग ट्रक मोठ्या रस्त्यावर वडाखाली उभा राहायला लागला आणि आंब्याचा हंगाम आला. करंड्या डोक्यावरून वाहून न्यायला बायामाणसं लागली. आंबा काय, थांबतो का? आमच्या करंड्या रस्त्यापर्यंत पोचेपर्यंत दुसऱ्यांचे ट्रक घाटात असायचे. व्यापारी म्हणायला लागले, तुमचा माल उशिरा येतो.

वैभववाडीच्या बाजूचा एक चिऱ्यांचा खाणवाला ट्रक बघून गेला. नवरा त्याला देऊन टाकायच्या विचारात होता.

"आणि मगे?" मी विचारलं.

"मगे मुंबै. धाकटो बोलवताहाच."

तो हे वांग्याची भाजी कशी झाली असं सांगावं तसं बोलला. म्हणजे ठरवूनच बोलला.

वाकणावरचा तो गडगा ज्यांचा, त्या माझ्या चुलत सासूबाई. सासऱ्यांच्या थोरल्या चुलत भावाची बायको. आम्ही त्यांना काकी म्हणायचो. वाकणाला लागूनच असलेल्या घरात एकट्याच राहत. आमच्या दोन घरांत बोलणं नव्हतं. गणपती दोन्ही घरांचा एकच, मूळ घरात बसायचा. तिथं शेजारी शेजारी आरतीला उभं राहायचं, आणि बोलायचं नाही. भांडण त्या कोपऱ्याचंच. सासरे म्हणायचे, तो गडगा भावानं आमच्या जाग्यात घातलाय. काकी म्हणायची, माझ्या नवऱ्यानं आपल्या जाग्यात घातलाय. मी लग्न होऊन आले तेव्हा हे भांडण माझ्याहून मोठं होतं.

तो कोपरा थोडा गोल करून मागे घेतला तर ट्रक वळला असता. मी सासऱ्यांना विचारलं नाही, नवऱ्यालाही नाही. दुपारी उठले आणि काकीच्या घरी गेले.

ती पडवीत बसून आंब्याची साटं उलटत होती. मला बघून तिनं हात थांबवला नाही.

"काय गो, वाट चुकलंस?"

"नाय. तुमच्याकडेच इलंय."

"मगे बस. पाट नाय देवचंय. भुंयेर बस."

मी बसले. म्हटलं, "काकी, वाकणावरचो गडगो वायच मागे घेवक होयो."

"कोणाचो गडगो?"

आता यात काय मेख होती ती मला कळत होती. आमच्या घरात त्याला 'आमच्या जाग्यातला गडगा' म्हणायचे.

"तुमचो," मी म्हटलं.

"ह्या तू म्हणतंस. तुझो सासरो काय म्हणता?"

"तेंका मी इचारूक नाय."

"मगे जा आनी इचार. चार माणसांत तेणी म्हणाक होया, ह्यो कोपरो वयनीचो. मगे गडगो खंय न्हेवचो थंय न्हेया. माका काय ट्रकाचा वावडा नाय."

"आणि तेणी नाय म्हटला तर?"

"तर तुझो घोव मुंबैक जातलो. माझो गेल्लो. मी मेलंय?"

तिचा नवरा आगबोटीवर होता. वर्षा-दोन वर्षांनी यायचा. शेवटचा आला तो आजारी होऊनच आला. तिनं तेवढं म्हटलं आणि साटं उलटायला लागली. मी उठताना एक साट माझ्या हातात ठेवलं. दिलं असं नाही म्हणणार, ठेवलं.

रात्रीच्या जेवणाची वाट बघितली नाही. संध्याकाळी सासरे होडीच्या जाळ्याचं काहीतरी करत बसले होते, नवरा शेजारी होता, तिथंच सगळं सांगितलं. सासऱ्यांच्या हातातली सुई थांबली.

"माझ्या जाग्यार मी तिची मालकी बोलू? सगळ्यांत?"

"तुमका ट्रक होयो तर."

नवरा मध्ये पडला. "कित्याक सांगतंस तेंका? देवया इकून. मी जातंय मुंबैक, मिटला."

"तुमी गप रवा," मी म्हटलं. "तुमका कोण इचारणा नाय." मग सासऱ्यांकडे वळून म्हटलं, "बाबा, एक झिल गेलो मुंबैक. चतुर्थेक येता आणि पावण्यासारखो जाता. दुसऱ्याकय धाडा. मगे कोपरो तुमचो. थंय बसा."

सासरे उठले. जाळं तसंच टाकून खाडीवर गेले. मला वाटलं, जास्त बोललं गेलं. पण बोललेलं परत गिळता येत नाही, आणि मला गिळायचंही नव्हतं.

पुढचे दोन-तीन दिवस घरात भांड्यांचा आवाज तेवढा होता. खाणवाल्याचा माणूस पुन्हा येऊन टायर बघून गेला. मग एका सकाळी सासरे आंघोळ करून, स्वच्छ धोतर नेसून, नारळ घेऊन बाहेर पडले. वाटेत भेटेल त्याला म्हणत गेले, वाकणार या. गावची जुनी माणसं आली. नवरा पहार घेऊन आला. मी अर्थात गेले. काकी तिच्या पायरीवर उभी होती, हात कमरेवर.

आमच्याकडे जमिनीतला दगड हलवायचा तर आधी गाऱ्हाणं घालतात. त्या जाग्याच्या राखणदाराला मोठ्यानं सांगायचं, आम्ही काय करतोय, कोणाच्या जागेत करतोय, कोणाच्या खुशीनं करतोय. तिथं खोटं चालत नाही. चार माणसांत खोटं बोलणारे मी पुष्कळ बघितले, पण गाऱ्हाण्यात खोटं बोलणारा आमच्या गावात तरी बघितला नाही. सासऱ्यांनी गडग्यापाशी नारळ ठेवला आणि हात जोडले.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळ्यांनी साथ दिली.

"आज आमी तुझी लेकरा हंय गडगो हलवूक जमलव हाव..."

"व्हय म्हाराजा!"

"हो कोपरो..."

आणि ते थांबले. कोणी साथ दिली नाही, कारण साथ द्यायला वाक्य पुरं व्हायला हवं. माझा नवरा जमिनीकडे बघत होता. एक जण खोकला. सासऱ्यांच्या मानेची शीर मला दिसत होती.

"हो कोपरो माझ्या वयनीचो आसा म्हाराजा. माझ्या भावान बांधल्यान, आपल्या जाग्यार बांधल्यान. तिना खुशेन वाट दिल्यान हा, ती तू मान्य करून घे."

"व्हय म्हाराजा!" एवढ्या मोठ्यानं की व्हाळापलीकडची कुत्री भुंकायला लागली.

"अजून एकदा म्हणा," काकी पायरीवरून म्हणाली. "माका आयकाक इला नाय."

"आयकाक इला नाय तर कान कोर!" सासरे ओरडले, आणि सगळी माणसं हसली. तीसुद्धा. वीस-पंचवीस वर्षांनी ते दोघं बोलले ते हे.

सासऱ्यांचं गाऱ्हाणं मात्र संपलं नव्हतं. त्यांनी पुन्हा हात जोडले आणि म्हणाले, बदल्यात व्हाळाकडचा एक माड वयनीचा. ही गोष्ट त्यांनी घरात कोणाला विचारली नव्हती. तो आमचा सगळ्यात जास्त नारळ देणारा माड. मी तिथंच काही बोलणार होते, पण लोक "व्हय म्हाराजा" म्हणून मोकळे झाले. देवासमोर दिलेला माड परत कसा मागणार?

गडगा काढायला सकाळ लागली आणि गोल करून पुन्हा घालायला दोन दिवस. काकी स्वतः उभी राहून चिरे लावून घेत होती. "तो उलटो लावलंस. सुलटो कर. तुझ्या आवशीन तरी गडगो बघल्लो काय?" हे माझ्या नवऱ्याला. तो मुकाट्यानं सुलटा करत होता.

तिसऱ्या दिवशी ट्रक खळ्यात आणला. पहाटेपासून करंड्या भरल्या. पायरीवरून उचलायची आणि वर द्यायची, पिकअपच्या दिवसांसारखी, फक्त पुष्कळ जास्त. दोरखंड घट्ट केले आणि नवऱ्यानं ट्रक चालू केला. वाकणावर सासरे पुढे जाऊन उभे राहिले. एका दमात वळला नाही. एकदा मागे घ्यावा लागला, मग नाक नव्या गडग्याला घासता घासता सुटलं आणि शेपूट निघाली. तेवढ्यात काकीनं हात आडवा केला.

"रव! माझे आंबे?"

तिच्या दोन करंड्या पायरीवर तयार होत्या. ट्रक वाकणातच थांबला. मागून बैलगाडी आली ती थांबली, पुढून पाणी घेऊन येणाऱ्या बायका थांबल्या. सगळी पाणंद अडली. सासरे दुसऱ्या कोणाला सांगू शकले असते, पण त्यांनी स्वतः एकेक करंडी उचलून वर दिली, आणि नवऱ्यानं ती सगळ्यात वरती बांधली.

"दाबू नको रे तेंका!" ती खालून ओरडत होती.

ट्रक रस्त्याला लागला. खाणवाल्याला मी वाण्याच्या माणसाबरोबर निरोप धाडला, ट्रक विकायचा नाही. मुंबईला जाणाऱ्या शेजाऱ्याला गाठून दिरालाही निरोप दिला, दादाची वाट बघू नको, तो येत नाही. मग घरी आले आणि रिकाम्या खळ्यात आमसुलं पसरली. ट्रक परत यायच्या आत ती उचलायची होती.